खांबाखालचा दगड

फेब्रुवारी १८२८ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली पाया घातलेल्या या वाड्यातले सागवानी खांब, तुळया, नक्षीदार छते, सगळे जळून गेले. तट, दरवाजे आणि दगडी जोती तेवढी राहिली. त्याआधी दहा वर्षे, मे १८१८ मध्ये, इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचे वाडेही असेच पेटवले होते. आज गडावर वाडे म्हणून दाखवतात ती बहुतेक जोतीच.

अशा जोत्यावर ओसरी असायची आणि ओसरीच्या कडेला खांबांची रांग. खांब थेट जमिनीत पुरत नसत. जोत्यात आधी घडीव दगड बसवायचा, तो तळखडा. सुताराने खांबाच्या बुडाला कूस काढलेली असे. बऱ्याच ठिकाणी ती तळखड्यातल्या खळग्यात बसे. त्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राही आणि वाळवीलाही सहज वाट मिळत नसे. खांब जागच्या जागी राहायचा तो मुख्यतः माथ्यावरच्या वजनाने. घराचे मापही खांबांवरूनच ठरे: दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण.

तळखड्याखालचे काम मात्र मातीवर अवलंबून. देशावरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेले घर दरसाल हलणार. म्हणून काळी काढून मुरूम लागेपर्यंत खोदायचे, हा गवंड्यांचा नियम. कोकणात जांभ्याचा कातळ वरच लागतो, तिथे चिऱ्यांचे जोते थोड्या खोदाईत उभे राही. खोदाईला आणि दगडफोडीला वडार, घडाईला पाथरवट, बांधणीला गवंडी अशी कामे वाटलेली. मोठ्या बांधकामाचा चुना घाणीत मळला जाई: गोल दगडी चर, त्यात फिरणारे जड चाक आणि ते ओढणारे बैल. त्यात वाळूबरोबर गूळ, हिरडा, बेलफळाचा गरही पडे. चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे कामाला घाई चालत नसे. साध्या घरांच्या भिंती मात्र दगड-मातीतच उठत.

मग सिमेंट आले. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ च्या सुमारास पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट निघू लागले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या मिळून एसीसी उभी राहिली. त्याच दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हवर आरसीसीच्या इमारतींची रांग लागली. गावाकडे मात्र माळवदाची, खणांची घरे पुढेही बांधली जात होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदावरची टनावारी माती माणसांवर कोसळली. काही ठिकाणी लाकडी खणांचे सांगाडे ढिगाऱ्यात उभेच होते. पण भिंत, खांब आणि पाया यांना एकमेकांशी बांधणारे काहीच नव्हते. वरून येणारे वजन पेलायला ही रचना पुरेशी होती. आडवा हिसका सोसण्याची सोय तिच्यात नव्हती. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या भारतीय मानकात तो पट्टाच काढून टाकला गेला.

आता साध्या पोर्चच्या खांबालाही फूटिंग लागते. फक्कीने आखणी होते, खड्डा मुरमापर्यंत जातो, तळाशी पीसीसीचा थर पडतो. त्यावर लोखंडी जाळी ठेवतात, पण थेट नव्हे. खाली कव्हर ब्लॉक सरकवून ती साधारण ५० मिलिमीटर उचलून धरतात, म्हणजे सळई काँक्रीटच्या पोटात राहते आणि गंजत नाही. कॉलमच्या उभ्या सळया खाली काटकोनात वळवून जाळीला तारेने बांधतात, मग काँक्रीट. पुढे निदान आठवडाभर पाणी मारायचे.

पाडलेल्या वाड्यांचे खांब आता फार्महाऊसच्या ओसऱ्यांसाठी विकत घेतले जातात. तिथे खांबाच्या बुडाला लोखंडी पट्टी लावून तो खालच्या फूटिंगला बोल्टने आवळता येतो. सोबत आणलेला तळखडाही कोणी कोणी बसवून घेतात, पण अशा ओसरीत खांब धरून ठेवण्याचे काम बोल्टकडे असते.