तंबोल्याचा हॉल आणि मधला वाटा

मंडळी, सिंगापूरला येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न आता आपल्या सगळ्यांना तोंडपाठ झाले आहेत. मुस्तफाला कधी जायचं, नाईट सफारीची तिकिटं आधी काढायची का, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, वगैरे वगैरे. पण इंग्लंडमध्ये राहून आलेली मित्रमंडळी कधीकधी एक वेगळाच प्रश्न टाकतात: "अरे, इथे चांगला बिंगो हॉल कुठला? एक संध्याकाळ मजेत काढू या."

प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधं नाही. इंग्लंडमध्ये १९६० साली जुगाराचा नवा कायदा झाला आणि टेलिव्हिजनमुळे ओस पडत चाललेली सिनेमा थिएटरं एकामागून एक बिंगो हॉल बनली. कोणीही जावं, तिकीट घ्यावं, चहा प्यावा, आकडे खोडावेत. सिंगापुरात तसा हॉल नाही. ज्या गावात दोन भलेमोठे कॅसिनो आहेत, त्या गावात बिचाऱ्या बिंगोला जागा नाही! माझा धंदा सॉफ्टवेअरचा. प्रोग्रॅम असा का वागतो हे कळत नसेल, तर आधी त्याचा जुना इतिहास उघडून बघायचा ही सवय. तोच प्रकार इथे केला, आणि हाती जे लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी खेळाबद्दल. आपण ज्याला तंबोला किंवा हाउजी म्हणतो आणि इंग्रज ज्याला बिंगो म्हणतात, तो एकच खेळ. मूळ इटलीचं. तिथे १५३० च्या सुमारास सरकारी लॉटरी सुरू झाली. नेपल्सची गोष्ट अशी सांगतात, की १७३४ साली तिथला राजा आणि एक धर्मगुरू यांच्यात लॉटरीवरून वाद झाला. तडजोड म्हणून नाताळच्या आठवड्यात लॉटरी बंद ठेवायचं ठरलं. लोकांनी काय करावं? तेच नव्वद आकडे टोपलीत घातले आणि घरातच खेळ मांडला. हाच टोंबोला. आजही नाताळात इटालियन कुटुंबं तो खेळतात.

हे वाचून मला आपली दिवाळी आठवली. बलिप्रतिपदेचं एक जुनं नाव द्यूतप्रतिपदा आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले अशी कथा आहे, आणि वेरूळच्या लेण्यांत त्या दोघांचा तो डाव दगडात कोरलेलाही आहे. त्याच परंपरेत ऋग्वेदातलं अक्षसूक्तही आहे, ज्यात फाशांपायी घरदार गमावलेला जुगारी रडतो. म्हणजे आपल्या पूर्वजांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. सणाच्या दिवशी घरात मांडलेला डाव वेगळा, आणि रोजचा अड्डा वेगळा.

इटलीतून हा खेळ इंग्रजी सैन्यात पोचला. लष्करात त्याला 'हाउस' म्हणत, आरमारात 'टोंबोला'. पैसे लावून खेळायला सैनिकांना परवानगी असलेला हा जवळजवळ एकच खेळ. छावणीतून तो क्लबात आला, क्लबातून आपल्या जिमखान्यांत आणि तिथून सोसायटीच्या गच्चीवर. सिंगापूर तर आरमाराचंच गाव. १९७१ मध्ये इंग्रजी फौजा इथून निघाल्या, पण क्लबांत टोंबोला हे नाव मागे राहिलं. इथे टोंबोल्याची रात्र म्हणजे क्लबाची रात्र. सभासद, त्यांचे पाहुणे, जेवण आणि आकडे.

पण सभासदांपुरतीच का? इथे सिंगापूरचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. १८२० मध्ये फर्कुहारने जुगाराच्या अड्ड्यांचा मक्ता द्यायला सुरुवात केली. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि ती खेळणाऱ्यांकडून वसूल करायची. रॅफल्सला हे मुळीच पटलं नाही. १८२३ मध्ये त्याने जुगाराचे अड्डे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांच्यावर बंदी घातली. तो जातो न जातो तोच नवीन रेसिडेंट क्रॉफर्डने मक्ता परत सुरू केला, कारण तिजोरीला पैसा हवा होता! शेवटी १८२९ मध्ये मक्ता कायमचा बंद झाला. जुगार थांबला का? छे. तो फक्त गल्लीत गेला.

या गल्लीतल्या खेळांत 'चॅप जी की' नावाची एक चिनी लॉटरी होती. चॅप जी म्हणजे बारा. बारापैकी एक घर धरायचं, ते लागलं तर लावलेल्या पैशाच्या दहापट मिळायचे. बायका घरात बसून ती खेळत, गोळा करणारी माणसं दारात येत. त्यापायी अंगावरचे दागिने गहाण पडल्याच्या हकिकती सांगितल्या जातात. आता थोडा हिशेब करू. बाराही घरांवर एकेक डॉलर लावला तर बारा जातात आणि दहाच परत येतात. दोन डॉलर, म्हणजे सहावा हिस्सा, चालवणाऱ्याचा. डाव एकदाच असेल तर हे कळतही नाही. रोज खेळलं की सहावा हिस्सा रोज जातो, आणि दागिने जातात ते असे.

स्वतंत्र सिंगापूरने या इतिहासातून एक धडा घेतलेला दिसतो. बंदीही ठेवायची आणि एक खिडकीही उघडी ठेवायची, पण त्या खिडकीचा वाटा कुठे जातो हे उघड असायला हवं. सार्वजनिक जुगारघरांविरुद्ध १९६१ चा कायदा होता. १९६८ मध्ये बेकायदा जुगाराला आळा घालण्यासाठी सिंगापूर पूल्स सुरू झालं आणि टोटोची तिकिटं आली. त्या उत्पन्नातून जे उभं राहिलं त्यात कलांगचं जुनं नॅशनल स्टेडियमही होतं, जे १९७३ मध्ये सुरू झालं. क्लबांना आपल्या सभासदांपुरता खेळ ठेवायचा, तर त्यासाठी परवाना लागे. २००५ मध्ये कॅसिनोचा निर्णय झाला तेव्हा मोठी चर्चा झाली, आणि त्याच वर्षी जुगाराच्या व्यसनावर काम करणारी राष्ट्रीय परिषदही स्थापन झाली. २०१० मध्ये दोन्ही कॅसिनो उघडले, ते इथल्या नागरिकांसाठी आणि पीआर लोकांसाठी शंभर डॉलर प्रवेशकर ठेवूनच. २०१९ पासून तो दीडशे झाला आहे. घरच्या माणसाला कॅसिनोत प्रवेश बंद करा, असा अर्जही कुटुंबीयांना करता येतो. बाहेरून आलेला पाहुणा फुकट आत जातो, आपण पैसे मोजून. चिडायचं की आभार मानायचे ते ज्याचं त्याने ठरवावं!

यानंतरचा टप्पा आपल्या अगदी जवळचा आहे. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये सर्किट ब्रेकर होता, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर तंबोला खेळून कित्येक कुटुंबांनी शनिवार काढले. पुण्याची आजी, सिंगापूरची नातवंडं, न्यू जर्सीची मावशी, सगळी एका पडद्यावर. २०२२ मध्ये जुने कायदे बाजूला होऊन जुगार नियंत्रणाचा नवा कायदा आला. त्यात घरात, समोरासमोर, ओळखीच्या माणसांनी खेळलेल्या डावाला मोकळीक आहे. अट अशी, की त्यात धंदा नसावा आणि जिंकणाऱ्याशिवाय कोणी पैसे काढून घेऊ नयेत. ऑनलाइन डावाला मात्र पैसे लावले तर ही मोकळीक नाही, मग आजी कितीही ओळखीची असो. तेव्हा पडद्यावरचा तंबोला जरूर खेळा, पण तिकिटाला पैसे लावू नका. बक्षीस म्हणून मावशीने गाणं म्हणावं! मंडळासारख्या संस्थेने हॉलमध्ये तिकिटं विकून डाव ठेवायचा असेल, तर तो घरगुती डाव राहत नाही. आधी नियम विचारून घ्यावेत. तिकीट सर्वांना मोफत आणि बक्षिसं एखाद्या हौशी सभासदाकडून, हा त्यातला सुटसुटीत मार्ग.

तर मूळ प्रश्न, चांगला हॉल कसा ओळखायचा? पाहुण्यांना इंग्लंडमध्ये जायचं असो, गोव्यात कुठे खेळायचं असो की इथे एखाद्या क्लबात कोणी नेणार असो, मी दोनशे वर्षांच्या या कहाणीतून एकच प्रश्न विचारायला शिकलो आहे: मधला वाटा कोणाचा आणि किती? शंभर डॉलरची तिकिटं विकली तर बक्षिसं किती डॉलरची, हे जिथे फळ्यावर लिहिलेलं असतं तो हॉल चांगला. जिथे विचारल्यावर माणूस दुसरीकडे बघू लागतो, तिथून जेवून निघावं.

दुसरी खूण आकड्यांची. तिकिटावर नव्वदपैकी पंधरा आकडे असतात. सहा तिकिटांचा पूर्ण पट्टा घेतला, तर त्यात एक ते नव्वद सगळे आकडे एकेकदाच येतात. म्हणून 'लकी' तिकीट असं काही नसतं. मी गणित करून पाहिलं: शंभर तिकिटं खेळात असतील, तर पहिलं फुल हाउस बहुधा साठ ते बहात्तर आकडे पुकारल्यावर लागतं. पन्नासच्या आत लागणं ही दोनशे डावांतून एखाद्या वेळची गोष्ट. एखाद्या हॉलमध्ये ते दर शनिवारी घडत असेल, तर तिथल्या पिशवीत काहीतरी गडबड आहे असं समजावं.

आणि तिसरी खूण मला माझ्या हिशेबात बसवता येत नाही, पण ती सगळ्यांत खरी. चांगल्या हॉलमध्ये 'जल्दी फाइव्ह' कोणाला लागलं याकडे सगळे माना वळवून बघतात. वाईट हॉलमध्ये कोणी मान वर करत नाही.

या पाडव्याला घरच्या गालिच्यावर डाव मांडाल, तेव्हा आकडे पुकारायचं काम मुलांना द्या. "दोन आणि दोन, बावीस" म्हणता म्हणता त्यांचे मराठी आकडेही पक्के होतील. चौसष्ट आणि सेहेचाळीस यांत गोंधळ झाला तर हसून घ्या. तो वाटा कोणी मध्ये काढून घेत नाही.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!