नोटरीच्या वहीतली कविता

नोटरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कोर्टाच्या आवारातलं टेबल, स्टॅम्प पेपर, शाईचं पॅड आणि दोन मिनिटांत उमटणारा गोल शिक्का. इथं सही करा, इथं अंगठा द्या, झालं! समोरच्या माणसाला कागद समजला का, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. इटलीतल्या बोलोन्या शहरात मात्र साडेसातशेहून अधिक वर्षांपूर्वी नोटरीची परीक्षाच या मुद्द्यावर घेतली जात असे.

बोलोन्याचं विद्यापीठ युरोपातलं सर्वांत जुनं मानलं जातं. कायदा शिकायला तिथं देशोदेशीचे विद्यार्थी येत. त्याच शहरात नोटरीची विद्या स्वतंत्रपणे शिकवली जाई. रोलांदिनो पासाज्जेरी हा या विद्येचा थोर शिक्षक. खरेदीखत कसं लिहावं, मृत्युपत्र कसं करावं, दाव्याचे कागद कसे मांडावेत, हे सांगणारा त्याचा ग्रंथ १२५५च्या सुमाराचा. पुढे कित्येक पिढ्या नोटरी त्यावरच शिकल्या. शहराच्या १२४६च्या नियमानुसार उमेदवारानं दस्त लिहून दाखवायचा आणि मग तो लॅटिनमध्ये व लोकभाषेतही वाचून दाखवायचा. दस्त लॅटिनमध्ये; पण घर विकणाऱ्या विधवेला किंवा कर्ज काढणाऱ्या चांभाराला लॅटिन कुठून कळणार? वाचता न येणाऱ्याच्या कानापर्यंत कागद पोचवणं हे नोटरीचं काम होतं. मला ही अट फार मोठी वाटते.

इटलीत आजही हा रस्ता खडतर आहे. कायद्याची पाच वर्षांची पदवी, मग नोटरीच्या हाताखाली दीड वर्ष उमेदवारी, आणि त्यानंतर न्यायमंत्रालयाची स्पर्धा परीक्षा, जिच्यात तीन लेखी पेपर असतात. आपल्याकडे १९५२चा नोटरी कायदा आहे. वकिलीची किमान दहा वर्षं झाली, की अर्ज करता येतो. स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना सात वर्षं पुरतात.

त्या काळी ही विद्या शिकलेला माणूस कुठं कुठं पोचे! कोलुच्चो सालुताती बोलोन्यात नोटरीचं काम शिकला आणि १३७५मध्ये फ्लॉरेन्सच्या राज्यकारभाराचा मुख्य चिटणीस झाला. दान्तेचे गुरू ब्रुनेत्तो लातिनी नोटरी, लिओनार्दो दा विंचीचे वडीलही नोटरी. केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीत ज्याच्या नावावर सांगितलं जातं, तो सिसिलीचा जाकोमो दा लेन्तिनी तर 'नोटरी' याच नावानं ओळखला जाई. आम्हा कवींना या मंडळींचा हेवा वाटावा. पोटापाण्याची सोयही आणि भाषेशी रोजचा संबंधही!

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढेच आहे. १२६५मध्ये बोलोन्यानं ठरवलं, की वीस लिरांच्या वरचा प्रत्येक व्यवहार सरकारी वहीत नोंदवायचा. या वह्यांना 'मेमोरियाली' म्हणत. त्यात एक अडचण होती. दोन नोंदींच्या मध्ये कोरी जागा राहिली, तर नंतर कोणीतरी गुपचूप एखादी ओळ घुसडणार. म्हणजे शेताची हद्द सरकली, कर्ज दुप्पट झालं! मग नोटरी ती जागा भरून टाकत. कधी रेघ ओढून, कधी प्रार्थना लिहून, आणि कधी चक्क कविता लिहून. त्याही लॅटिन नव्हेत, लोकांच्या बोलीतल्या, प्रेमाच्या. खोटेपणा आत शिरू नये म्हणून दारात कविता उभी केलेली!

वह्यांचं हे कार्यालय सुरू झालं, त्याच वर्षी दान्ते जन्मला. १२८७मध्ये एनरिकेत्तो देल्ले क्वेर्चे या नोटरीनं वहीत एक सुनीत उतरवलं. कवीचं नाव त्यानं घातलं नाही, पण ते दान्तेचं आहे. तेव्हा दान्ते अवघा बावीस वर्षांचा. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली एक ओळही आज उरलेली नाही. त्याच्या कवितेची सर्वांत जुनी लेखी खूण सापडते, ती या देण्याघेण्याच्या नोंदींमध्ये.

बोलोन्याच्या गारिसेन्दा या कललेल्या मनोऱ्याकडे पाहत राहिलेल्या आपल्या डोळ्यांना कवी त्या सुनीतात बोल लावतो. मनोरा अजून उभा आहे. २०२३मध्ये तो ढासळण्याची भीती वाढली, म्हणून भोवतालचा परिसर बंद करावा लागला. तीनशेहून अधिक वह्या मात्र शहराच्या सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवलेल्या आहेत.