परवान्याचे दोन अर्थ : मेंढा-लेखा येथील बांबू आणि मुक्त आज्ञावली

१

फारसीतून मराठीत रूढ झालेल्या ‘परवाना’ या शब्दाचा राजव्यवहारातील अर्थ वरिष्ठाने कनिष्ठास दिलेली लेखी अनुज्ञा असा आहे. ज्याच्या हाती मालकी तो परवाना देणारा, आणि ज्यास गरज तो परवाना मागणारा, ही विभागणी या शब्दात गृहीत धरलेली असते. गेल्या चाळीस वर्षांत मात्र दोन अत्यंत भिन्न क्षेत्रांत या शब्दाचा रोख पालटलेला दिसतो. त्यांपैकी एक क्षेत्र गडचिरोली जिल्ह्यातील वनांचे असून दुसरे संगणकाच्या आज्ञावलींचे, म्हणजे ज्यास आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्याचे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने वाहतूक परवान्यासाठी केलेला झगडा आणि लिनक्स व तत्सम मुक्त आज्ञावलींच्या परवान्यांविषयी झालेले वाद यांचा परस्परांशी काहीही प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. सामायिक वस्तूचा उपभोग घेण्याची सवलत मिळणे आणि त्या वस्तूवर हक्क असणे, यांतील अंतर कशाने ठरते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करावयाचा आहे.

२

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा सर्व प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात, आणि १९६४ पूर्वीच्या नावाने बोलावयाचे तर चांदा जिल्ह्यात, मोडत असे. १९५६ पर्यंत तो जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता. त्यामुळे तेथील वनव्यवहारावर मध्य प्रांतातील महसूल-पद्धतीची छाप राहिली, आणि ‘निस्तार’ हा शब्द त्याच पद्धतीचा अवशेष होय. घरबांधणी, कुंपण, सरपण, चराई इत्यादी घरगुती गरजांपुरते वनातून घेण्याची गावकऱ्यांस असलेली मुभा म्हणजे निस्तार. तीत उपयोग होता, परंतु विक्री नव्हती, आणि वनाचे व्यवस्थापन कोणी व कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार तर मुळीच नव्हता.

याच्या जोडीला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील एक व्याख्या ध्यानात घ्यावी लागते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे तृण आहे. या अधिनियमाने मात्र त्याचा समावेश ‘वृक्ष’ या संज्ञेत केला. परिणामी तोडलेला बांबू इमारती लाकडाच्या नियमांखाली आला व त्याची ने-आण वनखात्याच्या परवान्यावर अवलंबून राहिली. दुसरीकडे बल्लारपूरच्या कागद गिरणीस या भागातील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी उपलब्ध करून देण्यात आला. ज्या वनातून गावकऱ्याने टोपलीपुरता बांबू आणावयाचा, त्याच वनातून गिरणीने कारखान्यापुरता न्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

मेंढा-लेखा येथील जागृतीचा आरंभ १९८० नंतरच्या दशकातील ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात शोधावा लागतो. इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांस झालेल्या विरोधातून ते उभे राहिले. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्याने गावात अभ्यासगट सुरू झाले, आणि ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घ्यावयाचा अशी प्रथा पडली. दिल्ली-मुंबईत आपले सरकार असले तरी गावात आपणच सरकार, या आशयाची त्यांची घोषणा पुढे महाराष्ट्रभर परिचित झाली. येथे नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की, वनाच्या रक्षणाचे नियम गावाने हक्काचा कागद हाती येण्यापूर्वीच केले होते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ साली संमत झाला. त्याने बांबूची गणना स्पष्टपणे गौण वनोपजात केली व त्याच्या मालकीचा हक्क वननिवासींना दिला. या अधिनियमान्वये २००९ साली मेंढा-लेखा ग्रामसभेस सुमारे १,८०० हेक्टर क्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या हक्कांत त्याची गणना होते.

परंतु येथे इतिहास संपत नाही. हक्कपत्र गावाकडे आले, पण वाहतूक परवान्याचे पुस्तक, ज्यास या भागात ‘टीपी’ म्हणतात, ते वनखात्याकडेच राहिले. बांबू गावाचा असूनही परवान्यावाचून तो गावाच्या शिवेबाहेर नेता येईना, आणि नेता येईना म्हणून विकताही येईना. कायद्याने दिलेली मालकी अशा रीतीने एका पावतीपुस्तकापाशी अडून राहिली. पुढे २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. २०१२ च्या सुधारित नियमांनी हाच अधिकार देशभरातील ग्रामसभांसाठी मान्य केला. परवाना मागणारी ग्रामसभा या दिवसापासून परवाना देणारी झाली.

३

आता दुसऱ्या क्षेत्राकडे वळू. संगणकाच्या आरंभकाळी आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू मानली जात नसे. ती यंत्राबरोबर येई व तिची मूळ संहिता, म्हणजे मनुष्यास वाचता व बदलता येईल असा तिचा पाठ, विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून मोकळेपणे फिरत असे. १९६९ साली आय. बी. एम. कंपनीने यंत्र व आज्ञावली यांची आकारणी निराळी करण्याचे जाहीर केले. १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून लिहिलेल्या प्रकट पत्रात आज्ञावलीची विनामूल्य नक्कल ही चोरी असल्याचे प्रतिपादन केले. अमेरिकेत १९८० च्या दुरुस्तीने आज्ञावलींना कृतिस्वामित्वाचे संरक्षण स्पष्ट केले, आणि भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली तशीच दुरुस्ती झाली. वनाला कुंपण पडावे तसे मूळ संहितेला कुंपण पडले. उपयोग करावयाची मुभा राहिली, पण आत काय आहे हे पाहण्याची व त्यात बदल करण्याची मुभा गेली.

या कुंपणास उत्तर म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सर्वसाधारण सार्वजनिक परवान्याची युक्ती मोठी मार्मिक होती. त्यांनी कृतिस्वामित्वाचा कायदा नाकारला नाही, उलट त्याचाच आधार घेतला. आज्ञावली कोणीही वापरावी, अभ्यासावी, बदलावी व वाटावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देताना तिची संहिता व हेच स्वातंत्र्य त्यासही द्यावे, अशी अट त्यांनी घातली. सामायिक वस्तू कोणास पुन्हा खाजगी करता येऊ नये, हा या अटीचा हेतू होय. वनहक्क अधिनियमानेही हक्क वारसांकडे जाईल, पण हस्तांतरित करता येणार नाही, अशीच तरतूद केली आहे.

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द द्व्यर्थी असल्यामुळे या चळवळीविषयी फार गैरसमज झाले. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द निराळे आहेत, ही आपली सोय आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ च्या आरंभी ती मनाई काढून त्यांनी स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. म्हणजे लिनक्स मुक्त झाले ते मोफतपणाची अट सोडून, हे लक्षणीय आहे. या मुक्ततेचे फळ मराठीसही मिळाले. २००० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ प्रकल्पाने भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचे काम हाती घेतले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाही.

सवलत व हक्क यांतील अंतर दाखविणारे दोन प्रसंग या इतिहासात आहेत. पहिला असा : २००२ पासून लिनक्सच्या संहितेची देखरेख ‘बिटकीपर’ नावाच्या खाजगी साधनाने होत असे. कंपनीने ते काही अटींवर विनामूल्य दिले होते. अनेकांनी त्यास तत्त्वतः आक्षेप घेतला, तर टॉरव्हाल्ड्स यांनी उपयुक्ततेचा युक्तिवाद केला. एप्रिल २००५ मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली. तेव्हा टॉरव्हाल्ड्स यांना ‘गिट’ हे मुक्त साधन स्वतः तयार करावे लागले. बिटकीपरची ही सवलत निस्ताराच्या जातीची होती. तीत उपयोग होता, अधिकार नव्हता.

दुसरा प्रसंग ‘टिव्हो’ या दूरचित्रवाणी-मुद्रण यंत्राचा. त्यात लिनक्स वापरलेले होते व परवान्यानुसार संहिताही उपलब्ध केलेली होती. परंतु त्या संहितेत बदल करून ती त्याच यंत्रावर चालवू पाहिल्यास यंत्र ती नाकारीत असे. अक्षराचे पालन झाले होते, पण आशय हरवला होता. हे टाळण्याची तरतूद २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. टॉरव्हाल्ड्स यांना ती अट मान्य झाली नाही, व लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे. २००९ ते २०११ या काळातील मेंढा-लेखाची स्थिती नेमकी अशीच नव्हती काय? हक्कपत्र हाती, पण वाहतूक परवाना दुसऱ्याच्या कुलपात.

४

येथवर साम्य पाहिले. भेद पाहिल्याखेरीज तुलना पुरी होणार नाही. बांबू तोडला की कमी होतो. आज्ञावलीची नक्कल केल्याने मूळ प्रत कमी होत नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक मालमत्तेचा नाश अटळ असल्याचे जे भाकीत केले, ते आज्ञावलीस लागू पडत नाही, आणि ज्या वनास ते लागू पडावे तेथेही गावे नियम करून ते खोटे ठरवितात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखविले. त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ साली, म्हणजे मेंढा-लेखास वनहक्क मिळाला त्याच वर्षी, मिळाले.

दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. वनास सीमा आहे आणि त्यावर निर्णय घेणारी ग्रामसभा आहे. मुक्त आज्ञावलीस शीव नाही. कोणत्याही प्रयोजनासाठी वापर हे स्टॉलमन यांच्या व्याख्येतील पहिले स्वातंत्र्य आहे, आणि १९९८ साली रूढ झालेल्या ‘ओपन सोर्स’ व्याख्येतही व्यक्ती वा व्यवसाय यांत भेद करण्यास मनाई आहे. अर्थात शस्त्रे बनविणाऱ्यास वा पाळत ठेवणाऱ्यासही ती तितकीच खुली राहते. मानवी हक्कांचे उल्लंघन करणाऱ्या वापरास मनाई करणारा ‘हिपोक्रॅटिक’ परवाना २०१९ साली पुढे आला, तेव्हा तो मुक्त म्हणवून घेऊ शकतो की नाही यावर तीव्र वाद झाला. विरोधकांचा आक्षेप विचारणीय आहे. गैरवापर कोणता हे ठरविणारा कोण? ज्या समूहास सभा नाही, त्यातील नैतिक अट शेवटी ज्याच्या हाती वकील त्याचीच अट होते. परंतु समर्थकांचे म्हणणेही टाळता येत नाही. जे निर्माण केले त्याच्या परिणामांची जबाबदारी केवळ ‘सर्वांस खुले’ असे म्हटल्याने संपत नाही.

न्यूझीलंडमधील माओरी समाजाची ‘ते हिकू मीडिया’ ही संस्था या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिने २०१८ साली माओरी भाषणाचे सुमारे ३०० तासांचे ध्वनिमुद्रण लोकांकडून जमविले. ते बाहेरच्या कंपन्यांस न देता, राखणदारीची माओरी कल्पना पायाभूत धरून, स्वतःच्या निराळ्या परवान्याखाली ठेवले. ही भूमिका स्टॉलमन यांच्यापेक्षा मेंढा-लेखाच्या अधिक जवळची आहे.

५

हा प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. १९१८ साली बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी रचलेली गोंडी लिपी २०१७ साली, आणि चंद्रपूरच्या शेजारील आदिलाबाद जिल्ह्यात आढळलेली गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. ही गोष्ट निःसंशय हिताची आहे. यापुढे गोंडी व माडिया भाषांतील गीते, वनस्पतींची नावे व औषधी ज्ञान यांचे संकलन होऊन ते यंत्रांना शिकविण्यासाठी मागितले जाईल, आणि आपल्या विद्यापीठांतील संशोधकच बहुधा ते संकलित करतील. वनहक्क अधिनियमाच्या कलम ३(१) मधील खंड ‘ट’ने जैवविविधता व सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केला आहे. बांबूविषयीच्या तरतुदींची जेवढी चर्चा झाली, तेवढी या खंडाची झाली नाही.

संशोधक आपली सामग्री ‘मुक्त परवान्या’खाली ठेवतो तेव्हा त्याचा हेतू उदारच असतो. परंतु जी वस्तू त्याची नाही ती मुक्त करण्याचा अधिकार त्यास कोठून आला, हा प्रश्न शिल्लक राहतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने तिचा परवाना लिहिणे युक्त आहे, कारण ती त्याची कृती आहे. गोंडी गीताचा परवाना लिहिणारा तो गाणाऱ्यांचा समूह होय, आणि गडचिरोलीत त्या समूहास ग्रामसभा नावाची जागा उपलब्ध आहे. तेव्हा क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणास संमती घेऊन थांबू नये. ते पुढे कोणी, कोणत्या अटींवर व कोणत्या कामासाठी वापरावे, याविषयी ग्रामसभेचा ठराव मागावा व तो सामग्रीसह जतन करावा. असा ठराव मिळण्यास सर्वसहमतीच्या गावात विलंब लागेल. काही ठिकाणी नकारही येईल, आणि तो नकार आपल्या संशोधनाच्या नोंदीत लिहून ठेवावा लागेल.