घडीचा कॅमेरा आणि तापीचा पैलतीर

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या माणसाविषयी समाजात दोन मते आढळतात. कोणी त्याला रसिक म्हणतो, तर कोणी अडगळीचा धनी. आमच्या कपाटात घडीचे अकरा कॅमेरे आहेत आणि आमच्या घरात ही दोन्ही मते सुखाने नांदतात. त्यांचा निवाडा करण्यापूर्वी या यंत्राची कुळकथा सांगणे अगत्याचे आहे.

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगजाहीर झाला आणि त्याच वर्षी फ्रान्समधील बॅरन सेगिए याने कॅमेऱ्याला भाता जोडला. लोहाराचा भाता वारा घालतो, हा भाता उजेड अडवितो. भिंग आणि काच यांच्यामधील अंतर काळोखाने भरून ठेवावे आणि काम संपताच मिटून जावे, एवढेच त्याचे कर्तव्य.

आपल्याकडेही ही कला लवकर रुजली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक. इंदूरच्या बांधकाम खात्यातील लाला दीनदयाळ यांनी १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातील वास्तू टिपल्या. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केला. परंतु त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचांचे ओझे. हौशी माणसाच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती.

ते ओझे उतरविले गुंडाळीच्या फिल्मने. ईस्टमनचा कोडॅक १८८८ साली आला, खिशात मावणारा घडीचा कॅमेरा दहा वर्षांनी, तर १२० क्रमांकाची फिल्म १९०१ साली. पुढे जर्मनीत झाइस इकॉनने १९२९ साली ‘इकॉन्टा’ काढला. कळ दाबताच भिंग पुढे येऊन आपल्या जागी उभे राही. वकील, शाळामास्तर, रेल्वेतला कारकून अशा मध्यम स्थितीतील माणसांच्या हाती कॅमेरा आला तो या वाटेने. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांनी १९६० च्या सुमारास घडीच्या कॅमेऱ्याचे राज्य संपविले. आपल्या देशात उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याच्या ‘इंदू’ फिल्मवर एक पिढी पोसली गेली. पुढे तोही बंद पडला. मात्र १२० ची गुंडाळी आजही मिळते, म्हणूनच हे कॅमेरे केवळ शोभेचे झालेले नाहीत.

आमच्या संग्रहातला पहिला कॅमेरा वडिलांचा. आईचे माहेर बऱ्हाणपूरचे. वडिलांमागे एकदा तिने जैनाबाद पाहण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा आम्ही तो कॅमेरा घेऊन तिच्याबरोबर तापी ओलांडली. जैनाबादेत आहुखाना आहे. आहू म्हणजे हरीण. मोगलांचे ते मृगवन. जून १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा तिचे दफन प्रथम या बागेत झाले. डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. ताजमहाल साऱ्या जगाने पाहिला. त्या सहा महिन्यांची जागा पाहण्यास येणारे थोडे. आई तेथे एका पायरीवर बसली आणि आम्ही आठही चित्रे तिचीच घेतली.

फिल्म धुतल्यावर आठांवरही डाग निघाले. भात्याच्या कोपऱ्यांतील घड्यांना सुईच्या टोकाएवढी भोके पडली होती आणि बाहेरचे ऊन त्यांतून आत शिरले होते. आई हसून म्हणाली, “पुन्हा जाऊ की. जैनाबाद काय पळून जातं?” जैनाबाद तेथेच राहिले; आई राहिली नाही.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक मार्मिक तत्त्व होते. छायाचित्रणासारख्या एकाच प्रक्रियेने निघालेल्या प्रतींपैकी प्रत्येक प्रत इतरांच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा होय. न्यायालयात ते आम्ही अनेकदा वापरले होते. त्याची दुसरी बाजू घरी उमगली: निगेटिव्हच डागाळलेली असेल, तर साऱ्या प्रती तोच डाग शपथेवर सांगतात.

तेव्हापासून कॅमेरा हाती आला की आम्ही प्रथम अंधारखोलीत जातो. भात्यात बारीक दिवा धरला की भोके ताऱ्यांसारखी चमकतात. लहान भोकांवर लवचिक काळा रंग, मोठ्यांवर पातळ काळ्या कापडाचे ठिगळ. जुने कातडे शक्यतो फाडायचे नाही. अडलेल्या शटरच्या पात्यांना तेल कधीही घालू नये, ते पसरते आणि धूळ धरते. कॅमेरा हळू उघडावा, कारण झटक्याने उघडलेला भाता हवा ओढतो आणि फिल्म जागची हलते. उघडल्यानंतरच फिल्म पुढे सरकवावी. पावसाळ्यात कातडी पेटीत ठेवल्यास भिंगावर बुरशी चढते. कोरडी, हवेशीर फळी बरी.

मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची गिनेसच्या विक्रमांत नोंद आहे. गुरुग्रामला २०१९ साली कॅमेऱ्यांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. अशा ठिकाणी यंत्राचा इतिहास सुरक्षित राहतो आणि त्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण घरच्या संग्राहकाचे उत्तरदायित्व निराळे. तो मालक नव्हे, विश्वस्त. आणि विश्वस्ताने ठेव नुसती कुलपात ठेवून भागत नाही, ती चालती ठेवावी लागते. वडिलांचा कॅमेरा कपाटात अखंड होता, पण आम्ही त्याची परीक्षा कधी केली नव्हती. अडगळ म्हणतात ती हीच.

वडिलांच्या त्या कॅमेऱ्याचा भाता आता ठिगळांचा, पण निर्दोष आहे. दरवर्षी पावसाळा सरला की आम्ही एक गुंडाळी घेऊन तापीपार जातो. त्या पायरीचे चित्र स्वच्छ येते. पायरी तेवढी रिकामी असते.