गणनीय व अगणनीय नामे, इंग्रजीतील
इंग्रजी व्याकरणातील नामांचा एक भेद. ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ हे उपपद, संख्याविशेषण आणि अनेकवचन घेणारे नाम गणनीय (चेअर, बीन). न घेणारे अगणनीय (राइस, फर्निचर, अ‍ॅडव्हाइस). भेद वस्तूचा नव्हे, शब्दाच्या वागणुकीचा : तांदळाचे दाणे मोजता येतात, तरी ‘राइस’ अगणनीयच. डोक्यावरचे सगळे केस म्हणजे एकवचनी ‘हेअर’. जेवणात निघालेला केस मात्र ‘अ हेअर’. मराठीत ‘केस’ अनेकवचनी वापरतात, म्हणून ‘माय हेअर्स’ ही चूक आपल्याकडे हमखास होते. शब्दाची ही वागणूक काळाच्या ओघात बदलतेही : वाटाण्याचा ‘पीज’ हा जुना शब्द मुळात एकवचनी. शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा समजून लोकांनी त्यातून ‘पी’ काढला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी गणनीय-अगणनीय या भेदाची पद्धतशीर मांडणी केली.