एक टीएमसी पाणी आणि सी भाषेतला ‘टक्का डी’

मी इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनियर. आजचा एपिसोड एका छोट्याशा प्रश्नाच्या इतिहासावर: सी भाषेत ठरावीक बिटांचा आकडा कुठल्याही मशीनवर बरोबर छापायचा कसा?

आमच्याकडे पावसाळ्यात पारावर एकच चर्चा असते, धरणात किती टीएमसी आलं? एक टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट. लिटरमध्ये २८३१ कोटी ६८ लाख ४६ हजार ५९२. आणि ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात मावतात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. म्हणजे अख्खी उजनी सोडा, एक टीएमसीसुद्धा त्यात बसत नाही.

समजा, आकडा ६४ बिटांत नीट ठेवला, पण छापताना सवयीने ‘टक्का डी’ लिहिलं. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर उत्तर येईल उणे १७४ कोटी ७९ लाख २४ हजार ४८०. धरणात उणे पाणी! हिशोब बरोबर, साठवलेला आकडा बरोबर, चुकली ती फक्त छपाई.

कारण प्रिंटएफला समोर आलेली वस्तू किती बिटांची आहे हे कळतच नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणेवर ते डोळे मिटून विश्वास ठेवतं. काही मशीनवर तर उरलेला अर्धा आकडा पुढच्या जागी छापला जातो आणि मागची सगळी ओळच बिघडते.

आता थोडं मागे जाऊ. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली. पीडीपी-११ या मशीनवर ‘इंट’ १६ बिटांचा होता. पुढे ३२ बिटांची मशीनं आली, तसा इंटही वाढला. १९८९ च्या प्रमाणकाने फक्त किमान माप सांगितलं: इंट किमान १६, ‘लाँग’ किमान ३२. बाकी ज्याचं त्याने ठरवायचं.

खरी पंचाईत ६४ बिटांनी केली. युनिक्सवाल्यांनी लाँग ६४ चा केला, विंडोजने ३२ चाच ठेवला. छापायला कुणी ‘टक्का एलएलडी’ वापरायचं, मायक्रोसॉफ्टची खूण होती ‘टक्का आय-६४-डी’. आपल्या पुण्यातही हे स्थित्यंतर दिसतं. सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० हा ३२ बिटांच्या ट्रान्सप्युटरवर चालायचा, तर १९९८ चा परम १०००० हा ६४ बिटांच्या अल्ट्रास्पार्कवर. पाया असा बदलला की लाँगचं माप गृहीत धरून लिहिलेली प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते.

उत्तर आलं १९९९ च्या प्रमाणकात, म्हणजे सी-९९ मध्ये. ‘इंट-६४-टी’सारखी पक्क्या मापाची नावं मिळाली आणि ‘इंटटाइप्स’ या हेडरमध्ये त्यांच्या छपाईच्या खुणा. टक्क्याचं चिन्ह लिहून अवतरण बंद करायचं आणि पुढे ‘पीआरआय-डी-६४’ लिहायचं. त्या मशीनला लागणारी अक्षरं ते नाव स्वतः पुरवतं, आणि शेजारशेजारच्या अक्षरमाळा कंपायलर जोडून टाकतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण सगळीकडे चालतं. दुसरी वाट म्हणजे आकडा ‘इंटमॅक्स-टी’मध्ये बदलून ‘टक्का जेडी’ने छापायचा. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत हे हेडर यायला मात्र २०१३ ची आवृत्ती उजाडली. आता सी-२३ मध्ये थेट ‘टक्का डब्ल्यू-६४-डी’ आलंय, पण सगळ्या लायब्ररींत ते पोचेपर्यंत जुनीच वाट बरी.

तुमच्या हातातल्या मोबाइलचा याच्याशी काय संबंध? अँड्रॉइडमध्ये ६४ बिटांचा आधार २०१४ मध्ये, ५.० आवृत्तीपासून आला. ३२ बिटांच्या अ‍ॅपमध्ये लाँग चार बाइटांचा, ६४ मध्ये आठ. म्हणजे एकाच कोडची दोन मापं, तीही एकाच खिशात.

म्हणून माझं सांगणं एवढंच: माप पक्कं ठेवलंत, तर खूणही पक्कीच ठेवा. आणि कंपायलरला ‘डब्ल्यू-ऑल’ देऊन इशारे चालू करा. चुकीची खूण तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे दाखवतो. कारण पाण्याचा आकडा बघणाऱ्या शेतकऱ्याला बिटांशी काही देणंघेणं नसतं. त्याला स्क्रीनवर जे दिसतं, तेच खरं वाटतं.

भेटू पुढच्या भागात!