पेंढा ते फोम

परवा पोलादपूरला गेलो. नवीन स्लॅबच्या घरात आजी दुपारभर पडवीत. "आत भट्टी झालीये रे!" पूर्वी पेंढ्याचं छप्पर होतं, दरवर्षी पावसाआधी शाकारायचं. पेंढ्यात अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नसे. मग कौलं, मग स्लॅब.

महाडला मित्राच्या शेडमध्ये मात्र पत्र्याला खालून फोम मारलाय. पॉलियुरेथेन! १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायरने शोधलं. फवारलं की फुगतं, बुडबुड्यांत वायू कोंडतो. तत्त्व पेंढ्याचंच! फुगवायला वापरायचा तो एचसीएफसी-१४१बी ओझोन खातो, म्हणून भारताने २०२० पासून त्याची आयात बंद केली. पेंढ्याने ओझोनचं कधी काही बिघडवलं नव्हतं.

म्हणजे फुकटची हवा आपण घालवली आणि आता तीच विकत घेतोय. असो. फोमचा खर्च सांगितल्यावर आजी म्हणाली, "त्यापेक्षा स्लॅबवर मांडव घाल की!"

पुढच्या शनिवारी बांबू आणतोय :)